अर्धा पडदा

भाऊबीजेचं ओवाळून झाल्यावर ताईने पदर खोचला आणि हात पुढे केला. "दे रिमोट." गेमच्या कंट्रोलरला आमच्याकडे अजून रिमोटच म्हणतात. मी नवा गोळीबाराचा गेम लावला. त्यात एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोयच नव्हती. वेगळा टीव्ही, वेगळं गेमचं मशीन आणा, नाहीतर जगभरातल्या अनोळखी लोकांशी खेळा.

"म्हणजे तुझ्याशी खेळायला मी माझ्या घरी परत जाऊ?" ताई म्हणाली.

मी माळ्यावरून जुनं मशीन काढलं आणि त्यावरचा जुना गेम लावला. पडद्याचे दोन भाग झाले, वर ताई, खाली मी. तिने लगेच माझ्या भागात डोकावून मी कुठे लपलोय ते पाहिलं आणि मला टिपलं. "रडीचा डाव!" मी ओरडलो. तिने कोपर मारलं.

नव्या गेममध्ये असं डोकावता येत नाही, म्हणे. डोकावणार कोण? शेजारी कुणी बसलेलंच नसतं! आणि ते कोपर इंटरनेटच्या कुठल्या वायरमधून येणार?

तुमचा अख्खा पडदा तुम्हाला लखलाभ. मला अर्धाच हवा. उरलेला ताईचा आहे.