एक नंबर, तीन बिऱ्हाडं

परवा रविवारी साताऱ्यातल्या घरी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करत बसलो होतो. बाहेरून येणारं सगळं एकाच दारातून आत येतं, मग गेटच्या कॅमेऱ्याचं कॅमेऱ्याकडे, मुलाच्या कॉम्प्युटरचं कॉम्प्युटरकडे आपण पाठवून द्यायचं, एवढंच ते काम. पण माझा एक आकडा चुकला आणि कॅमेऱ्याचं सगळं मुलाच्या कॉम्प्युटरकडे जायला लागलं.

तो वैतागला... आणि मला हसू आलं. कारण असला घोळ मी नव्वदच्या दशकातच एकदा घालून बसलोय.

तेव्हा मी एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन होतो आणि साताऱ्यातच एका रिटायर्ड सुभेदारांकडे भाड्याने राहायचो. घरात तीन बिऱ्हाडं आणि फोन एकच, सुभेदारकाकांचा. आम्ही बाकीचे सगळे तोच नंबर पुढे पी.पी., म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असं लिहून नातेवाइकांना द्यायचो.

माडीवर सुमनवैनी राहायच्या. नवरा फौजेत, लांब कुठेतरी पोस्टिंगला. महिन्यातून एखादा फोन यायचा, तोही रांगेत उभं राहून केलेला, तीन मिनिटांचा.

काका खालून हाक मारायचे, वैनी पदर सावरत धावत यायच्या, त्यात एक मिनिट गेलेलं असायचं. उरलेली दोन मिनिटं काकांच्या भरल्या घरासमोर... "हां... बरं हाय... हां." एवढं बोलून वैनी फोन ठेवायच्या. मला ते बघवायचं नाही.

म्हणून मी एक पेटी बनवली. भंगारातला फिरवायचा स्विच, तीन बेल, बाजारातून आणलेले दोन जुने फोन. टेलिफोन खात्याला विचारलं नव्हतं, ते आता कबूल करून टाकतो...

फोन खाली आला की काकांनी ज्याचा असेल त्याच्या घरी बेल द्यायची आणि बटण तिकडे फिरवायचं. बोलणं झालं की त्या घराने उलट दोनदा बेल मारायची, मग काकांनी बटण परत आपल्याकडे घ्यायचं. काकांनी हे सगळं पुठ्ठ्यावर लिहून पेटीवर टांगलं. वर मोठ्या अक्षरात 'ऑर्डर'.

चार दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला वैनींच्या नवऱ्याचा फोन आला. काकांनी बेल दिली, बटण फिरवलं. मी समाधानाने बाजारात गेलो.

दीड तासाने आलो तर काका पेटीसमोर खुर्ची टाकून ताठ बसलेले. जेवले नव्हते. बटण अजून वैनींच्याच घरावर.

काकांची लेक बाळंतपणाला सांगलीच्या दवाखान्यात होती, सासरीच. पहिली खेप, त्यात डॉक्टरांनी जरा अवघड आहे म्हणून सांगितलेलं. काकू देवापुढे बसून होत्या आणि जावई फोन करणार होते, तो आता वरच वाजला असता.

"काका, बटण फिरवा की."

"बेल न्हाई आली."

"मग वर जाऊन विचारायचं."

काका हळूच म्हणाले, "निम्म्या जिन्यापातूर गेलो हुतो गड्या... सुमन पोरगी रडत हुती. माघारी आलो."

मी बटणाला हात लावणार, तेवढ्यात वर फोन वाजला. आणि गॅलरीतून वैनींची हाक आली, थेट काका मारायचे तशी.

"आवं काका, फोन हाय तुमचा... सांगलीवरनं."

सत्तरीला आलेला माणूस दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. मी खाली पेटीपाशीच थांबलो. काकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

वर काय झालं ते वैनींनी नंतर सांगितलं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. काका फोनवर फक्त म्हणाले... "हां... बरं... बरं हाय." मग वैनी त्यांच्याकडे पाठ करून, काही काम नसताना, स्टोव्ह पुसत उभ्या राहिल्या.

आम्हाला खाली यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काकू माझ्याकडे बघतायत, मी पेटीकडे बघतोय...

मग बेल वाजली. दोनदा. बाकी सगळे विसरले तरी सुभेदार ऑर्डर विसरले नव्हते.

मी बटण फिरवलं आणि काकूंना म्हणालो, सगळं चांगलं असणार. वाईट बातमी ऐकून कोण बेल मारत बसतंय...

परवा मुलगा फारच मागे लागल्यावर तो आकडा नीट केला. पण त्याआधी पाच मिनिटं तसाच राहू दिला... वैनी त्या दिवशी बेल मारायला विसरल्या, म्हणून काकांना ती बातमी भरल्या घरासमोर ऐकावी लागली नाही, याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे.