भुरीला परका हात

ठकूबाई बोलायला उभी राहिली की मंडळाच्या सभेत पुरुष आपसूक पाय आखडून बसतात. पोलादपूरच्या डोंगरमाथ्यांवर गवळी-धनगरांच्या चार-पाच घरांच्या वस्त्या आहेत, त्या सगळ्या वस्त्यांचं मिळून हे एक मंडळ. काढलं मुंबईला गेलेल्या पोरांनी. वर्षातून एकदा खाली पोलादपुरात हॉल घ्यायचा, दहावी झालेल्यांना शाली घालायच्या, आपली रीतभात टिकली पाहिजे म्हणून भाषणं ठोकायची आणि मटणावर हात मारून परत.

अशाच एका सभेत ठकूबाई उठली होती.

"शाली झाल्या, भाषनं झाली. आता सांगा, बाईमानूस आजारी पडली तर म्हशीची धार कोन काढनार?"

हॉल हसला.

"हसा रे, हसा. तुमच्या आयशी दवाखान्यात का जात नाय, ठावं हाय? म्हशीपायी."

हसणं तिथंच विरलं. प्रत्येकाच्या घरी तशी एक आई होती.

माथ्यावर वारंगुळा होताच. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. ठकूबाईनं तो गोठ्यात नेला. ज्या घरची बाई दवाखान्यात जाईल, त्या घरी दुसऱ्या वस्तीवरची बाई धार काढायला जायची. खालच्या गावचं कोणी एवढा चढ चढून येत नाही. त्यांना डोंगरावरची माणसं दिसतात ती दुधाच्या कॅनमागं, तेवढीच. तेव्हा आपलं आपणच निस्तरायचं.

आता म्हशीला काय मंडळ कळतं? तिला वास कळतो. म्हणून रीत पडली, की जाणाऱ्या बाईनं अंगावरचं न धुतलेलं लुगडं वलणीच्या दोरीवर टाकून जायचं आणि धार काढणारीनं ते नेसून म्हशीखाली बसायचं. ह्या रीतीवर कितीतरी बाया निर्धास्त दवाखान्यात जाऊन धडधाकट परत आल्या.

अडली ती शेजारच्या माथ्यावरची चंद्राबाई. नवरा गेलेला, मुलगा भरत मुंबईला, गोठ्यात एकच दुभती म्हैस, भुरी. चंद्राबाईच्या पोटात गाठ होती. महाडच्या डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली, तर हिनं दोन तारखा मोडल्या. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, आता उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही.

ठकूबाई तिच्या ओट्यावर जाऊन बसली.

"चंद्रे, तू चालत जातेस, का डोलीत बांधून न्यू?"

"भुरी परक्याला जवळ येव देत नाय गो. लाथ घालते. दूध आत ऱ्हायलं, कास दगडावली की संपली ती."

"मी येते ना धारेला."

"तू आलीस तर जाते. पन ऑपरेशनच्या आधी फोन करनार मी. भुरीनं पान्हा नाय सोडला तर हाय तशी उठून येईन. आनि खोटं नाय चालायचं, धारेचा आवाज ऐकव."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी चंद्राबाई भुरीची धार काढून खाली उतरली. रात्री घर राखायला मंडळानं अमिताला धाडलं. अमिता लग्नानंतर बरीच वर्षं मुंबईत राहून नुकतीच माथ्यावर परतलेली. कामाला वाघीण, पण गोठ्याची सवय मोडलेली.

उजाडता उजाडता ठकूबाई पोचली. अंगण झाडलेलं, भांडी लखलखीत, आणि दोरीवर चंद्राबाईचं लुगडं वाळत घातलेलं. नाकाला लावलं तर साबणाचा घमघमाट.

"अमिता, ह्ये काय केलंस गो?"

"मळलेलं होतं काकी. ताई दवाखान्यातून येईल, तिला साफ कपडा नको?"

रीत तिला कोणी सांगितलीच नव्हती. ठकूबाईनं कपाळाला हात लावला, पण रागावली नाही. लुगडं तसंच नेसून ती भुरीखाली बसली. भुरीनं एकदा हुंगलं आणि धारेची कासांडी लाथेसरशी भिंतीवर. रेडकू पाजून पाहिलं, आंबोणाची पाटी पुढं ठेवली. पान्हा चोरून बसली ती बसलीच.

तेवढ्यात फोन वाजला. अमितानं फोन उचलला आणि हातानं झाकला. "काकी, सोडला म्हणू का? टेन्शन नको तिला."

"आन इकडं." ठकूबाईनं फोन कानाला लावला. "चंद्रे, अजून नाय सोडला."

"मग मी येते."

"पडून ऱ्हा गप! तुझी गोधडी कुठं हाय?"

"कोनती?"

"पांघरतेस ती. न धुतलेली."

"पेटीवर. काल घडी करून ठेवली."

अमिता धावली. गोधडीची घडी तशीच होती, साबण तिथवर पोचला नव्हता. चैताच्या उकाड्यात ठकूबाईनं ती जाडजूड गोधडी डोक्यावरून घेतली आणि पुन्हा खाली बसली.

"काकी, कीर्तनाला निघाल्यासारखी दिसतेस," अमिता म्हणाली.

"हसू नको, फोन धर कासांडीपाशी."

भुरीनं मान वळवली. गोधडी हुंगली, पुन्हा हुंगली, आणि रवंथ करायला लागली. ठकूबाईच्या बोटांखाली सड भरून आले. पहिली धार कासांडीच्या तळाला लागली ती टणकन वाजली. मग दुसरी, मग फेस धरला आणि आवाज जड झाला.

 मग फोनमधून चंद्राबाईचा आवाज, खालच्या पट्टीत.

"मागचा डावा नाजूक हाय. दाबू नको."

"कळतंय मला."

पलीकडं नर्स म्हणत होती, "आजी, फोन द्या, आत जायचंय."

"थांब गो बाय, एवढी धार होवंदे."

"चंद्रे," ठकूबाई ओरडली, "धार मी काढते, तू जा!"

"जाते. संध्याकाळी पन येशील ना?"

"तू उठून चालाय लागेस्तवर येईन."

फोन बंद झाला. गोधडीत घामानं निथळत ठकूबाईनं हात थांबवला नाही. दूध कासेत राहिलं तर कास दगडावते, आणि शुद्धीवर आल्याआल्या चंद्राबाई पहिलं तेच विचारणार होती.