बत्तीसाब शेजारच्या सीटवर

दुसऱ्याच्या गाडीत बसल्या बसल्या बत्तीसाब पहिलं काम करायचे ते सीटखाली हात घालून ती पार मागे सरकवण्याचं. खट्ट असा आवाज आला की पाय लांब करायचे, पोटावर हात बांधायचे आणि म्हणायचे, "हां, चला. येऊ दे त्याला."

'तो' म्हणजे गाडीतला बिघाड. त्याच्याविषयी ते नेहमी असं बोलायचे, जसा काही तो मुंबईहून यायचा आहे आणि गाडी जरा उशिरा धावते आहे.

जहाजावरच्या इलेक्ट्रिशियनला आपली माणसं बत्तीसाब म्हणतात. ह्यांनी निम्मं आयुष्य जहाजांवर काढलं, मग रत्नागिरीला परतून मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची वायरिंगची कामं सुरू केली. अंगात कायम जहाजावरचा पांढरा बॉयलर सूट. छातीवर ज्या कंपनीचा बिल्ला होता ती कंपनी केव्हाच बुडाली होती, पण बिल्ला इस्त्रीत असायचा. त्यांच्या गोष्टींमधलं जहाज दर वेळी थोडं लांब व्हायचं. एकदा भर समुद्रात सगळं जहाज अंधारात गेलं आणि ह्यांनी एका सेफ्टी पिनेवर ते बंदरात आणलं, ही गोष्ट मी तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी कॅप्टन रडला.

पण त्यांची एक पद्धत मात्र मला आवडायची. काही बिघाड स्थिर असतात, गाडी उभी करा आणि शोधा. काही येऊन जाऊन असतात आणि गॅरेजचं दार दिसलं की पळतात. अशा वेळी बत्तीसाब गाडी ठेवून घ्यायचे नाहीत. स्वतःच गाडीत येऊन बसायचे. "तुम्ही तुमची कामं करा. मी नाय असं समजा." एवढ्या देहाचा माणूस नाही असं समजणं सोपं नव्हतं. त्यामुळे बाजारात, बँकेपुढे, मासळीच्या लिलावाला, कुणाच्याही गाडीत डाव्या बाजूला ते दिसले तरी गाव विचारायचं नाही. एवढंच म्हणायचं, गाडी आजारी दिसते.

एकदा आमच्या गल्लीतलं एक कुटुंब संगमेश्वरला मुलगी बघायला निघालं, तेव्हा गाडीबरोबर हेही गेले. तिथे दोन बशा पोहे खाल्ले. मुलीच्या वडिलांनी अदबीने विचारलं, "आपण मुलाचे मामा का?"

"नाय, नाय," बत्तीसाब म्हणाले, "मी गाडीकडचा."

लग्न जमलं. बिघाडही परतीच्या वाटेवर सापडला. दोन्हींचं श्रेय ते घेत.

आमच्या घरी ते आले ते माझ्या बायकोमुळे. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली. तिची आई पावसला एकटी राहते, आंब्याची चार कलमं आणि माड सोडून रत्नागिरीला यायला तयार नाही. म्हणून ही आठवड्यातून दोनदा स्वतः गाडी घेऊन जायची. आईला घेऊन डॉक्टरकडे, बाजारात, कधी नुसतीच समुद्रावर. येताना तिचा चेहरा इतका खुललेला असायचा की मी आपला चहा मुकाट्याने स्वतः करून घ्यायचो.

मग डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागायला लागले. एक एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. दुसरा ट्रॅक्शन कंट्रोलचा, चाक जागच्या जागी गरगरू न देणाऱ्याचा. लागायचे, गाडी बंद करून चालू केली की जायचे. काचेच्या मोठ्या शोरूममध्ये गाडी नेली. तिथे कॉफीचं मशीन होतं आणि सगळे मला सर म्हणत होते. त्यांनी पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला आणि सांगितलं, "सर, सिस्टिम आता एकदम हेल्दी आहे." दोन दिवसांनी दिवे परत.

मुद्दा असा, की मी चालवताना ते कधीच लागायचे नाहीत. फक्त ती चालवताना. मेहुण्याचा मुंबईहून फोन आला, "ताई, कशाला हट्ट करतेस? ब्रेकचा दिवा म्हणजे चेष्टा नाही." मीही समजूतदार आवाजात म्हणालो, "तू काहीतरी वेगळं करत असशील." तिने किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि सकाळच्या एसटीने पावसला गेली. त्यानंतरही दोनदा एसटीनेच गेली. समुद्रावर जाणं बंद झालं.

मी बत्तीसाबांना बोलावलं. त्यांनी लॅपटॉप जोडला, मान डोलावली आणि निकाल दिला, "खारी हवा. कनेक्टर गंजलाय. जहाजावर असाच एकदा..." फवारा मारून त्यांनी कनेक्टर असा साफ केला, की बघणाऱ्याला वाटावं अभिषेक चाललाय. बायको मोठ्या आशेने गाडी घेऊन गेली. दिवे लागले. बत्तीसाब जराही ओशाळले नाहीत. "म्हणजे तो नव्हे, त्याचा भाऊ आहे. कुणाच्या हातात येतो?"

"हिच्याच," मी म्हणालो. पुरुषाला पुरुषाचं कळेल अशा सुरात.

"मग मी वहिनींच्या शेजारी बसतो."

मी मागे बसलो, नेमका त्यांच्या मागे. सीट खट्ट झाली आणि माझे गुडघे हनुवटीला लागले. भाट्याचा पूल गेला, चढ गेले, उतार गेले. तो काही येईना. बायको स्टेअरिंग घट्ट धरून परीक्षेला बसल्यासारखी चालवत होती. "वहिनी, रोजच्यासारखं चालवा हो," ते म्हणाले, "तो घाबरतोय."

सासूबाईंच्या घराकडे जाणारी गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे आणि शेवटी विहीर. विहिरीपाशी जेमतेम वळण्यापुरती जागा. बायकोने स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं आणि गाडी एका दमात गोल काढायला घेतली. टिंग झालं. दोन पिवळे दिवे.

"आला!" बत्तीसाबांनी टाळी वाजवली. "वहिनी, ब्रेक दाबून धरा, गाडी बंद करा, आणि चाक आहे तसंच राहू द्या!" ते तांबड्या मातीत आडवे झाले आणि कंबरेपर्यंत चाकाआड गेले.

टाळी ऐकून सासूबाई बाहेर आल्या. "गो बाय, कोण हा गाडीखाली? जावई नाय ना?"

"नाही गो आई. ते मागे बसलेत."

"मग ठीक," सासूबाई म्हणाल्या. कुठल्या अर्थाने, ते मी विचारलं नाही.

बत्तीसाब लाल होऊन बाहेर आले. सेन्सर नवा होता, पण त्याला जोडणारी गाडीकडची वायर जुनीच होती, आणि ती धरून ठेवणारी क्लिप परत बसवायला शोरूमवाले विसरले होते. चाक पूर्ण वळलं की वायर ताणली जायची. आतली तार तुटलेली, वरचं कव्हर शाबूत. ताण पडला की टोकं सुटायची, चाक सरळ झालं की पुन्हा चिकटायची.

"आता साहेब, तुम्ही वळवून दाखवा."

मी वळवली. थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे, गडग्याला जपत, स्टेअरिंग कधीच शेवटपर्यंत न नेता. दिवे लागले नाहीत. बत्तीसाब विहिरीच्या कठड्यावर बसून सगळं बघत होते.

"तुमच्या हातात ही गाडी शंभर वर्षं आजारी पडणार नाय," ते म्हणाले. "हिला कुणी पुरतं वळवतच नाय."

बायको इतकी हसली की तिला गडग्याला टेकावं लागलं. वायर जोडून झाल्यावर किल्ली खिळ्यावर गेली नाही, तिच्या पर्समध्ये गेली.

पुढे कधीतरी बत्तीसाब चहाला आले असताना छाती चोळत म्हणाले, "हल्ली इथं काहीतरी येतं. डॉक्टरसमोर गेलं की नाय येत. ईसीजीची पट्टी काढली, सगळं हेल्दी. म्हटलं, डॉक्टर, चार दिवस माझ्याशेजारी येऊन बसा." आम्ही हसलो. ते एकटेच राहायचे. मुलगा डोंबिवलीला.

मग एका सकाळी फोन वाजला. माझा नाही, तिचा. "वहिनी, तो आलाय. गाडी काढा."

तिने काढली. हॉस्पिटलच्या आवारात ॲम्ब्युलन्स आडवी उभी होती. तिने स्टेअरिंग शेवटपर्यंत कापून गाडी थेट दाराशी घातली. तेवढ्यातही, ती सांगते, बत्तीसाबांनी मान वाकडी करून डॅशबोर्डकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघा. नाय आला." आत ह्या वेळी पट्टीवर सगळं दिसलं. ते डॉक्टरना म्हणाले, "सापडला ना?"

मुलगा त्यांना डोंबिवलीला घेऊन गेला. तिथे ते दोन-तीन महिने होते, मग तिथेच वारले. शेडला कुलूप आहे.

आमच्या गाडीतली डावी सीट अजून पार मागेच आहे. सासूबाई बसतात तेव्हा त्यांचे पाय पुढे टेकत नाहीत, आणि दर वेळी त्या कुरकुरतात, "गो, ही जरा पुढं घे."

"असू दे गो आई," बायको म्हणते, आणि विहिरीपाशी गाडी एका दमात वळवते.