ओवीच्या जिभेचे वकील

कुणाचं बाळ बघायला गेलं की माणसं नाक आईवर, कपाळ बापावर असं काहीतरी बोलतात, हातात पाकीट ठेवतात आणि चहा पिऊन उठतात. आमचे सासरे तसे नव्हते. घरात आणि गल्लीत सगळेच त्यांना अप्पा म्हणत. अप्पा बाळाच्या हनुवटीला बोट लावायचे, त्यानं तोंड उघडायची वाट बघायचे आणि जीभ बघून निकाल द्यायचे. "हे कूस खाणार." किंवा, "काही खरं नाही. बिस्किटावर जाईल बिचारं." कूस म्हणजे कन्नडात बाळ, आणि हुबळीतल्या मराठी घरांतही बाळाला कूसच म्हणतात. ज्या घरी त्यांनी हा बिस्किटाचा निकाल दिला, त्या घरच्या बाई पुढं कितीतरी दिवस मला भाजीच्या गाडीवर ओळख देत नव्हत्या.

अप्पांनी आयुष्यभर धारवाडच्या कोर्टात वकिली केली आणि निवृत्त झाल्यावर हुबळीतल्या विद्यानगरच्या घरी कोर्ट भरवलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तेव्हापासून स्वयंपाकघरातली फोडणी अप्पांच्या ताब्यात होती. पोळ्या, भाकरी कुणीही करावी, फोडणी मात्र त्यांची. मिरची आणायला ते स्वतः दुर्गदबैलला जायचे. पोत्यात हात घालून मूठभर मिरच्या नाकाशी धरायचे, भर बाजारात शिंकायचे आणि शिंक मनासारखी आली तरच भाव विचारायचे. "ब्याडगी रंग देते, गुंटूर अक्कल देते," हे त्यांचं आवडतं वचन. आमच्या घरात अक्कल जरा जास्तच पडायची.

मी चिपळूणची. आमच्याकडं आजारी माणसाला मऊभात आणि मेतकूट देतात, आणि धडधाकट माणसालाही साधारण तसंच. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात मला उचकी लागली ती थांबेना. अप्पांनी माझ्याकडं जराही न बघता मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, प्रसादला, कन्नडात सांगितलं, "मूरु वर्षदाग तयार आगताळ." मला कळू नये म्हणून कन्नडात. तयार एवढा शब्द मला कळला, बाकीचं मी नंतर प्रसादकडून काढून घेतलं. तीन वर्षांत तयार होईल म्हणे! मी काय लोणचं होते? त्या दिवसापासून त्यांनी मला कोकणबाई म्हणायला सुरुवात केली आणि मी मुद्दाम दीड वर्षात तयार होऊन दाखवलं.

मग ओवी झाली. मी कॉलेजात शिकवते, त्यामुळं कुठलीही गोष्ट वाचून करायची मला खोड. बाळाला वरचं सुरू करायची वेळ आली तशी मी मोबाईलवर वाचून वेळापत्रक केलं. सोमवारी गाजर, मंगळवारी भोपळा, बुधवारी सफरचंद, सगळं वाफवून, गाळून, गुळगुळीत. अप्पांनी एकदा त्या वाटीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "घराला रंग लावायला काढलाय काय?" मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. ओवी मात्र गप्प बसली नाही. तिनं सोमवार माझ्या साडीवर थुंकला, मंगळवार भिंतीवर आणि बुधवारी तर तोंडच उघडलं नाही. इकडं वजन जागचं हलेना. वजनकाट्यावर तिला ठेवून मी आधी काट्यालाच टपली मारून बघायचे.

अप्पांचा कायदा वेगळा होता. "आधी नाक, मग जीभ." त्यांच्या घराण्यात म्हणे बाळाला खायला देण्याआधी कितीतरी दिवस नुसता वास दाखवत. मोठी माणसं जेवायला बसली की बाळ मांडीवर, ताट त्याच्या पुढ्यात, आणि एकेका पदार्थाची ओळख करून द्यायची. द्यायचं काहीच नाही. अप्पा ओवीला मांडीवर घेऊन अगदी गंभीरपणे सांगत, "ही भाकरी. जोंधळ्याची. हिच्याशी भांडायचं नाही. ही शेंगाचटणी, घरचीच समज. हे भरलं वांगं, जरा तेलकट आहे पण मनानं चांगलं. आणि तो कोपऱ्यातला रंजका. त्याला लांबून नमस्कार." रंजका म्हणजे लाल मिरच्या, लसूण, मीठ, लिंबू वाटून मुरवलेला गोळा. त्याचं नुसतं झाकण उघडलं तरी शेजारी खोकतात. ओवी नाकपुड्या फुगवून ऐकायची. माझ्या गाजराला कधी इतका मान मिळाला नव्हता.

रीतसर उष्टावणाचा मुहूर्त जरा उशिराच निघाला. त्याला माझा भाऊ चिपळूणहून चांदीची वाटी आणि खीर घेऊन आला. मामानं खीर चाटवायची, फोटो काढायचे, संपलं. पण अप्पांनी खिरीच्या वाटीभोवती अख्खं ताट मांडलं, कारळाच्या चटणीसकट. माझा भाऊ बिचारा ते ताट बघून मला कानात विचारतो, "ताई, हे बाळासाठी आहे की मला घाबरवायला?" ओवीनं खीर चाटली, तोंड वाकडं केलं आणि दोन्ही हात चटणीकडं पसरले. अप्पांनी सगळ्या पाहुण्यांकडं असं बघितलं की जणू वरच्या कोर्टातून अपील जिंकून आलेत.

आणि मग जे व्हायचं ते झालंच. रविवारची दुपार होती. ओवी नेहमीसारखी मांडीवर आणि अप्पांना एका जुन्या वकील मित्राचा फोन आला. बोलता बोलता आवाज चढला. अप्पांचा वाद सुरू झाला की मांडीवर बाळ आहे की फाईल आहे याचं भान त्यांना राहायचं नाही. ओवीनं मूठ थेट रंजक्यात घातली. ती मूठ तोंडात गेली आणि तिथून डोळ्यांत. तिनं जो टाहो फोडला तो समोरच्या बिल्डिंगपर्यंत गेला असेल. मी तिला उचलून नळाखाली धरलं, डोळे धुतले, तोंड पुसलं. अप्पा हातात लोण्याची वाटी घेऊन मागं उभे. मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून काही इजा नाही असं सांगितलं तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. घरी येऊन मी स्पष्ट सांगितलं, "अप्पा, आजपासून जेवणाच्या वेळी ओवी तुमच्या मांडीवर बसणार नाही."

अप्पांनी उलटतपासणी घेतली नाही. "बरं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःचं ताट घेऊन आपल्या खोलीत जेवायला लागले आणि आमच्यासाठी जी भाजी करत ती अशी सपक, की मलाच, चिपळूणच्या मला, वरून तिखट घ्यावं लागायचं. कांगावा नुसता! मी प्रसादला म्हटलंही, "तुझे वडील उपोषणाला बसलेत, पण जेवून." तो हसला नाही. म्हणाला, "त्यांना अथर्वची भीती बसलीये."

अथर्व म्हणजे माझ्या अमेरिकेतल्या थोरल्या दिरांचा मुलगा. अप्पांचा पहिला नातू. तो लहानपणी एकदाच हुबळीला आला होता. अप्पांनी त्याच्यासाठी काय काय केलेलं. पोरानं पहिल्याच घासाला रडून घर डोक्यावर घेतलं. मग त्याच्यासाठी ब्रेड आले, नूडल्सची पाकिटं आली, आणि शेवटी सगळे हॉटेलात राहायला गेले. तिथं त्याला खाता येण्यासारखं काहीतरी मिळत होतं. त्यानंतर ते भारतात आले की बेंगळुरूहूनच परत जात. अप्पांना भेटायला दीर एकटेच येत, सकाळी येऊन संध्याकाळी जात.

हे मला ठाऊक होतं, पण अप्पांच्या तोंडून मी ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्या खोलीत ताट उचलायला गेले होते. ते म्हणाले, "कोकणबाई, तू रागावलीस ते बरोबर आहे. चूक माझी. पण मला हट्ट कशाचा आहे ते ऐकून ठेव. जिथलं जेवण जमत नाही, तिथं माणूस मुक्काम करत नाही. एक नातू मी तसा घालवला. हिला तिखट खाता यावं असं नाही गं, हिनं माझ्या ताटाशी बसावं एवढंच." मी ताट उचललं. राग तर होताच, पण त्या रागाचं आता काय करायचं ते कळेना.

तो प्रश्न ओवीनंच सोडवला. दोन-चार दिवसांनी मी तिच्यापुढं भोपळा घेऊन बसले होते. अप्पांच्या खोलीतून त्यांच्या ताटातल्या लसणीच्या फोडणीचा वास आला. ती माझ्या हाताखालून सटकली आणि फरशीवरून रांगत सरळ त्या दाराशी गेली. दारावर थापट्या मारत ओरडायला लागली, "बेकु! बेकु!" कन्नडात बेकु म्हणजे हवं. मुलीचा पहिला शब्द, आणि तो आई नाही, बाबा नाही. मी नऊ महिने पोटात वागवलं, रात्री जागवल्या, आणि माझ्या वाट्याला आला थुंकलेला भोपळा! मी दार उघडून तिला आत ढकललं आणि म्हटलं, "घ्या. पण रंजका कपाटात. फोन बंद."

डॉक्टरीणबाईंनीही घरचंच द्या म्हणून सांगितलं. जिरं, हिंग, लसूण चालेल, वर्षापर्यंत मीठ नको, तिखटाची घाई नको. अप्पांनी त्यातलं "घरचंच द्या" एवढं मोठ्यांदा ऐकलं, पण पाळलं मात्र सगळं, हे मान्य करायला हवं. भाजीला मीठ-तिखट पडण्याआधीच ओवीचा वाटा बाजूला निघायचा, बोटांनी कुस्करून. ती जरा मोठी झाल्यावर आमच्यातलीच भाजी पाण्यातून काढून द्यायचे. त्या भाजीला ते 'जामिनावर सुटलेली भाजी' म्हणायचे. पुढं पुढं पाणी कमी होत गेलं. वजनकाटाही हलला. शाळेत जायला लागेपर्यंत ओवी अप्पांच्या शेजारी मांडी घालून भाकरी-चटणी अशी हाणायची, की माझी आई चिपळूणहून आली की पदर तोंडाला लावून बघत राहायची.

ओवी पाच वर्षांची असताना अप्पांना पक्षाघाताचा हलका झटका आला. हातपाय वाचले, बोलणंही वाचलं. चव गेली. गोड, खारट, आंबट सगळं सारखंच. देवाला काढून घ्यायला दुसरं काही सापडलं नाही! अप्पांनी फोडणी सोडली नाही. ते ओवीला ओट्याशी स्टुलावर बसवायचे, चमच्यानं चाखवायचे आणि विचारायचे, "काय म्हणणं आहे?" ती न्यायाधीशासारखी डोळे मिटून सांगायची, "मीठ हवं," नाहीतर, "साकु, अप्पा," म्हणजे कन्नडात पुरे. तिच्या सांगण्यावरून घराचा स्वयंपाक व्हायचा आणि वाईट होत नव्हता.

अप्पा गेले त्याला आता वर्ष होत आलं. लोक त्यांचे किस्से सांगतात. मला राहून राहून एकच जेवण आठवतं, त्यांनी केलेलं शेवटचं.

त्या दिवशी ओवी शाळेतून उशिरा आली, म्हणून अप्पांनी तिला न विचारताच झुणका केला. मीठ घातलं, विसरले, पुन्हा घातलं. आम्ही बसलो. ओवीनं पहिला घास घेतला आणि क्षणभर थांबली. अप्पा तिच्याकडंच बघत होते. "काय म्हणणं आहे?"

"छान झालाय, अप्पा," ती म्हणाली आणि भांडंभर पाणी प्यायली.

मी घास तोंडात घातला. नुसतं मीठ! मी तोंड उघडणार तोच ओवीनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "छान झालाय," मी म्हटलं. प्रसादनं आमच्या दोघींकडं बघितलं आणि तोही म्हणाला, "छान झालाय."

अप्पांनी भाकरी मोडता मोडता हात थांबवला. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "तीन साक्षीदार, तिघांची जबानी शब्दाला शब्द एक," ते म्हणाले. "म्हणजे पढवलेले." ओवी मान खाली घालून खात होती. एकेक घास ती पाण्याबरोबर उतरवत होती, पण ताटातलं टाकत नव्हती. मग अप्पांनी स्वतःचं ताट तिच्या ताटाला चिकटवून ठेवलं.

"वाढ की मला पण," ते म्हणाले. "एवढा छान झालाय म्हणतेस तर."