गावातल्या फोनला आरोग्याच्या कामाला लावणाऱ्या विमलताई

विमलताई झाडे यांची आणि माझी पहिली भेट हिंगणघाटच्या बसस्थानकावर झाली. त्यांच्या गावच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. शेजारी बसलेल्या ताई नवा मोबाईल डोळ्यांजवळ धरून पाहत होत्या. "बाई, यातली अक्षरं मोठी कशी करायची?" त्यांनी विचारले. मी फोन घेऊन करून दिली. त्यावर म्हणाल्या, "आता पुन्हा लहान करा आणि मला नुसतं सांगा. करते मी." बस लागेपर्यंत त्या शिकल्याही. त्यांना मधुमेह होता आणि गोळीची आठवण देणारे, चालण्याची आणि साखरेची नोंद ठेवणारे मराठी ॲप त्यांना वापरायचे होते.

ताईंची सारी नोकरी रुग्णालयात परिचारिका म्हणून झाली. रक्तदाबाची गोळी मध्येच सोडलेली आणि मग अर्धे अंग लुळे पडलेली माणसे त्यांनी फार पाहिली. निवृत्तीनंतर त्या समुद्रपूर तालुक्यातल्या आपल्या माहेरगावी राहायला आल्या, तेव्हा अशी माणसे रुग्णालयात पोहोचण्याआधीच त्यांना गाठायचे, असे त्यांनी ठरवले होते. ॲप आधी स्वतः वापरले आणि मगच बायकांना समाजमंदिरात बोलावले. पहिल्या बैठकीला गर्दी झाली, पुढे ओसरली. "मोबाईल पाहून कोनी बरं होते काय?" असे लोक तोंडावर म्हणत. शिवाय बहुतेक घरांत फोन एकच आणि तोही पुरुषाच्या खिशात. एखाद्या आठवड्यात बैठकीला आम्ही दोघीच असू. तरी ताई सतरंजी अंथरत.

गावातल्या तुळसाबाई वावरात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. ताईंनी त्यांचे यजमान नामदेवभाऊ यांच्या फोनवर गोळीची वेळ लावून दिली. तो फोन नेमका पानठेल्यावर, चारचौघांत वाजू लागला. नामदेवभाऊ तणतणत ताईंकडे आले. मी तेव्हा तिथेच होते.

"सिस्टरबाई, गोळी तिची अन् वाजून राह्यला माह्या खिशात! लोक हासतेत. काढून टाका ते."

"काढून देईन, भाऊ. पन मंग तिले आठवन कोन देईन?"

नामदेवभाऊंनी फोन खिशातून काढून हातात धरला.

"वावरात पडली तवा तिले उचलून कोनं आनलं?"

"म्याच आनलं."

"पुन्हा तशी पाळी येऊ द्याची नाई ना? मंग फोन वाजला का घरी जाऊन एक आवाज देजा."

भाऊंनी फोन खिशात टाकला आणि निघून गेले. ॲप मात्र त्यांनी काढले नाही. पुढे फोन वाजला की ते स्वतःच उठू लागले. "थांबा बे, बुढीची गोळी हाये," म्हणत घराकडे वळत. हसणारे हळूहळू गप्प झाले. एकदा ताईंनी त्यांचाही रक्तदाब तपासला. तो वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी त्यांनाही गोळी दिली. तुळसाबाई आता कौतुकाने तक्रार करतात, "त्यायच्या गोळीसाठी मलेच वरडा लागते!" नामदेवभाऊंनी बैठकीत उभे राहून दोघांच्या गोळ्यांची ही गोष्ट सांगितली, तेव्हापासून पुरुषही सतरंजीवर बसू लागले.

ताईंना ॲपचे वेड आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या एका शिक्षकबंधूंनी ॲपमधले आकडे चांगले दिसतात म्हणून गोळी बंद केली होती. ताई कडाडल्या, "फोन नोंद ठेवतो, गुरुजी, इलाज करत नाही! डॉक्टरांना विचारलंत?" आणि त्यांना बसमध्ये बसवून स्वतः सोबत दवाखान्यात गेल्या.

माझ्यावर त्यांचे ऋण निराळेच आहे. मुलीच्या वेळी गरोदरपणात माझी साखर वाढली. मी घाबरून गेले होते. माझे माहेर दूर. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. सकाळी ताई दारात उभ्या राहत. "चला मास्तरीणबाई," एवढेच म्हणत आणि गिरडच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याने माझ्या चालीने चालत. ॲपमध्ये साखर चढलेली दिसली की मी रडायची. त्या म्हणत, "कळलं हे बरं झालं. आता काय खाल्लं होतं ते सांगा." लेक सुखरूप जन्मली, तेव्हा प्रसूतिगृहाबाहेर माझ्या सासूबाईंच्या शेजारी ताईच बसल्या होत्या.

आज पंचाहत्तरीतही त्या थांबायला तयार नाहीत. जंगलालगतच्या एका पाड्यावर म्हाताऱ्या बायका गोंडीच बोलतात. ॲपमधली मराठी त्यांना उमगत नाही. तिथल्याच एका सुनेच्या आवाजात ताई सध्या गोंडी सूचना ध्वनिमुद्रित करून घेत आहेत. "बोली वेगळी आहे म्हणून गोळी चुकायची का?" असे त्या विचारतात.

ताई, तुमची साखर आटोक्यात आणि पावले भक्कम राहोत. शंभरीपर्यंत तुम्ही आमच्या दारांत अशाच हक्काने उभ्या राहा आणि आम्हाला घराबाहेर काढा. आम्ही चपला घालून तयार असू.