राइस पेपर, गावरान कोंबडी आणि रोशनीचा भाऊ

रविवारी आमच्या आलापल्लीच्या घरात थायलंड उतरलं होतं... अजून डोकं ताळ्यावर नाही, म्हणून लिहूनच टाकतो.

रोशनी आणि मी, हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे. तिच्या घरी स्थळं बघणं सुरू झालंय आणि तिथे शब्द चालतो तो तिच्या मोठ्या भावाचा, गोलूभाऊचा. तो सूरजागडच्या खाणीवर ट्रक चालवतो. मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं तेव्हापासून त्याच्या लेखी मी म्हणजे चौकात गाडीवर बसून राहणारा रिकामटेकडा.

मग रोशनीनंच आयडिया काढली. "दादा रविवारी घरी आहे. तुमच्याकडं जेवायले घेऊन येते त्याले. तू फक्त भडकू नको. उलटा एक शब्द बोलला ना, तर आपलं खतम समज."

काय बनवायचं यात मला शंकाच नव्हती. थाई रोल! तांदळाचा पातळ, कडक कागद असतो, राइस पेपर. पाण्यात बुडवला की मऊ पडतो. त्यात चिकन, कच्च्या भाज्या, हिरवा पाला ठेवून गुंडाळायचं आणि तसंच खायचं. मी आणि रोशनी व्हिडिओ पाहून पाहून वेडे झालो होतो. ऑनलाइन एक पाकीट मागवलं आणि कुरिअरवाल्याला इतके फोन केले की त्यानं शेवटी मला ब्लॉक केलं...

रविवारी सकाळपासून मी नुसता पळत होतो. गावरान कोंबडी शिजवून तिचे बारीक रेशे काढले. थाई लोकांचा मासळीचा सॉस इथे कुठून मिळणार? सुके झिंगे भाजून कुटले, त्यात लिंबू, गूळ, लसूण, हिरवी मिरची. चव घेतली आणि एकटाच स्वयंपाकघरात नाचलो!

काकडी, गाजराच्या काड्या, पुदिना, सांबार... म्हणजे कोथिंबीर हो, पुण्यावाल्यांनो. त्यांच्याकडे तुळशीसारखा एक पाला लागतो, म्हणून मी अंगणातल्या तुळशीकडे हात नेला, तर माय धावून आली. "कोंबडीत तुळस टाकतं? हात तोडीन!" शेवटी परसातल्या सब्जाची पानं खुडली. वास तर असा की भूक आपोआप खवळावी.

ट्रायलचा पहिला कागद बोटांना असा चिकटला की सोलून काढावा लागला. दुसरा मात्र जमला... आतला पुदिना, गाजर बाहेरून काचेतून दिसावं तसं दिसत होतं. मी म्हटलं, बस्स, आज गोलूभाऊ गेला कामातून.

फक्त गवती चहा राहिला होता. तो आणायला मित्राच्या घरी गेलो. परत येतो तर दारात गोलूभाऊची मोटारसायकल. पाहुणे लवकर आले होते. आणि आतून कढईचा आवाज येत होता...

मायनं राइस पेपरचं उरलेलं अख्खं पाकीट तळून काढलं होतं.

आमच्याकडे पाहुणा टेकला की आधी त्याच्यापुढे पापड येतो. आणि या धानाच्या मुलखात गोल, पातळ, पांढरं, कडक असं जे काही डब्यात असेल, तो तांदळाचा पापडच. माय तर खूश होती. "कुठून आणले रे हे? तेलात टाकले का कापसावानी फुलतेत! एक बी जळू नाई देला."

माझी कानशिलं तापली. तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून गोलूभाऊ बोलला, "काऊन बे, कॉलेजवानी हा सयपाक बी अर्ध्यावरच सोडला का?"

रोशनी माझ्याकडे एकटक बघत होती. मी मायकडे पाहिलं. झारा तसाच हातात, पण चेहऱ्यावरचं हसू मावळू लागलेलं. "काऊन रे... चुकलं का काही?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "नाई माय. असेच करायचे होते."

मग मी थांबलोच नाही. फुललेला एक कागद ताटलीत ठेवला, त्यावर कोंबडीचे रेशे, काकडी, गाजर, मूठभर पाला, वरून झिंग्याचं ते आंबटगोड तिखट पाणी. "लवकर खा भाऊ, नाई तं मऊ पडते."

गोलूभाऊनं चावा घेतला. कर्रर्र! अर्धं पाणी शर्टावर. त्यानं नुसती ताटली पुढे केली. पुन्हा पुढे केली. शेवटी रोशनी ओरडली, "दादा, बाकीच्यायले बी ठेव ना!" मी तर हसत सुटलो... आणि तुम्हाला सांगतो, रोलपेक्षा हे भारी लागत होतं. पुदिना आणि सब्जा त्या कुरकुरीत कागदासोबत तोंडात नुसता स्फोट करत होते.

निघताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "येताना रोशनी सांगत होती, ते गुंडाळायचं राह्यते, तळायचं नाई."

मी मान हलवली.

"तू मायले काही बोलला नाई." त्यानं किक मारली. "येत्या रविवारी आमच्याकडं ये. मायले घेऊन ये."

मला वाटलं, जेवायचं आमंत्रण. हो भाऊ, म्हणालो. मागे बसलेली रोशनी मात्र ओढणीत तोंड लपवत होती. घरात वळलो तर माय दाराआड उभी, सगळं ऐकलेलं. डोळे पुसत म्हणते, "येड्या, पोरीवाले पोराच्या मायले काऊन बोलावतेत, इतकं बी समजत नाई का तुले?"

मित्रांनो, मी तिथेच उंबऱ्यावर बसलो... अजून काही ठरलेलं नाही, माहीत आहे. पण थँक यू, माय. तू ते कागद तळले नसते, तर गोलूभाऊ माझ्या हातचं खाऊन फक्त ढेकर देऊन गेला असता.