युलिसला शिकवता येईना

युलिस गिलरी लुइझियानात, आपल्या उसाच्या मुलखात परतला तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. उत्तरेकडच्या एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघात तो बरीच वर्षं खेळला. चेंडू छातीशी कवटाळायचा आणि समोरच्या धिप्पाड गड्यांच्या भिंतीतून आरपार निघायचं, हे त्याचं काम. ते तो असं करायचा की गावातले म्हातारे टीव्हीसमोर खुर्चीतून अर्धे उठायचे. मग एका सकाळी व्यवस्थापकाने त्याला बोलावून हात मिळवला, आणि खेळणं संपलं.

गावच्या शाळेने त्याला कोच नेमलं. सगळ्यांना वाटलं, आता आपली पोरं वाऱ्यासारखी पळणार. पहिल्या हंगामात संघ एकही सामना जिंकला नाही.

पोरं वाईट नव्हती. युलिसला शिकवताच येत नव्हतं. "फट दिसली की घुसायचं," एवढंच तो सांगे.

"पण कोच, दिसतच नाही," चेंडू घेऊन धावणारा डेस्मंड म्हणायचा.

"दिसेल. नीट बघ."

डेस्मंड नीट बघायचा आणि चौघांखाली गाडला जायचा.

घरी त्याची बायको लिओन्टीन चुलीवरचं गंबोचं दाट कालवण ढवळत म्हणाली, "तुझे पाय हुशार होते रे, तोंड नाही. आता पाय गेले आणि तोंड तेवढं उरलं."

"मग काय, सोडून देऊ?"

"घरी बसलास तर मला वेड लागेल. कुणाला तरी विचार."

विचारणार कुणाला? रविवारी चर्चच्या जेवणात त्याच्या शेजारी क्लोव्हिस बॅटिस्ट येऊन बसला. शाळेच्या संघात क्लोव्हिस त्याच्या पुढे पळायचा. समोरच्यांना अंगावर घेऊन युलिसला वाट करून द्यायची, चेंडूला स्वतः हातही लावायचा नाही, असं त्याचं खेळणं. आता तो शाळेची बस चालवायचा आणि तिच्या सीटमध्ये जेमतेम मावायचा.

"पोरांना फट दाखवतोस म्हणे," तळलेला मासा तोंडात टाकत क्लोव्हिस म्हणाला. "तुला रे कधी दिसली फट? सगळा जन्म माझं ढुंगण बघत पळालास."

टेबलावरच्या बायका खो खो हसल्या. युलिसही हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं. खरंच की. भिंतीकडे तो कधी बघतच नव्हता. क्लोव्हिसची कंबर ज्या बाजूला झुके, तिच्या उलट बाजूने तो निघायचा. पुढे मोठ्या संघातही तो कुणाच्या तरी कमरेकडे बघूनच पळाला होता. हे त्याने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"उद्या बस लावलीस की मैदानावर ये," तो म्हणाला.

"माझं पोट बघ जरा."

"पोट असू दे. मला कंबर हवीय."

दुसऱ्या दिवशी क्लोव्हिस बसचालकाच्या कपड्यांतच मातीत हात टेकून वाकला. युलिस लंगडत त्याच्या मागे उभा राहिला. "माझ्याकडे नका बघू, ह्याच्याकडे बघा," त्याने पोरांना बजावलं. दोघं हळूहळू पळाले, पुन्हा पळाले. तिसऱ्यांदा क्लोव्हिस तोल जाऊन आडवा झाला आणि पडल्या पडल्या इतका हसला की पोरांनी मिळून त्याला उठवलं.

"आणि कंबर हललीच नाही तर?" डेस्मंडने विचारलं.

"तर थांबायचं," युलिस म्हणाला. "अर्धा श्वास. सगळे घाई करतात. मी थांबायचो." बोलून झाल्यावर त्यालाच नवल वाटलं.

दुसऱ्या हंगामात संघाने चार सामने जिंकले. क्लोव्हिस रोज यायला लागला, आणि कोचपेक्षा जास्त तोच ओरडायचा. पुढे एका मोठ्या कॉलेजने युलिसला बोलावलं. क्लोव्हिसने त्याला जवळजवळ ढकलूनच पाठवलं. तिथे त्याचं नाव झालं, पोरं तयार झाली, तरी दोन वर्षांनी तो परत आला.

"का आलो आपण परत?" लिओन्टीनने विचारलं.

"तिथलं जेवण बेचव होतं."

"जेवण मीच करत होते," ती म्हणाली.

युलिसने टोपी घातली आणि मैदानाकडे निघाला. तिथे त्याच्या जागी आता क्लोव्हिस पोरांशी हुज्जत घालत होता. त्याने युलिसकडे एकदा पाहिलं.

"आलास? मग ते पाण्याचे डबे उचल."